सूचना करावी, पण कशी?

‘फुकट ते पौष्टिक’ अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण थट्टेची खरी. परंतु फुकट मिळालेल्या वस्तूविषयी आपण जितक्या तक्रारी करतो तितक्या विकत घेतलेल्या वस्तूविषयीही करीत नाही, हा अनुभव थट्टेचा नाही. मुक्त स्रोत ॲपच्या बाबतीत तो आम्हांस गेल्या वर्षी आला. म्हणून हा लेख.

मुक्त स्रोत म्हणजे काय, ते प्रथम पाहू. ॲप म्हणजे यंत्रास दिलेल्या आज्ञांची मालिका. पुष्कळ कंपन्या ही मालिका गुप्त ठेवतात. मुक्त स्रोत ॲपचा कर्ता ती सर्वांपुढे उघडी ठेवतो. कोणीही ती वाचावी, तीत फेरफार करावा व इतरांस द्यावी, अशी मुभा देतो. असे कर्ते कित्येकदा पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, उरल्या वेळात हे काम करतात. मुलांच्या चित्रकलेसाठी २००२ साली सुरू झालेले ‘टक्स पेंट’ पाहा. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे; आणि कोकणी तर देवनागरी व रोमी अशा दोन्ही लिप्यांत आहे.

आमच्या वर्गाने शब्दपाठांतरासाठी असेच एक ॲप घेतले. त्यातील अक्षर इतके बारीक, की ‘वश’ आणि ‘वंश’ यांतील भेद डोळ्यांस दिसेना. बारा विद्यार्थ्यांनी एकाच संध्याकाळी कर्त्यास बारा पत्रे धाडली. ‘अक्षरे दिसत नाहीत, परीक्षेपूर्वी दुरुस्त करा,’ एवढाच मजकूर. ती पत्रे आम्ही आधी पाहिली नाहीत, हा दोष आमचा. उत्तर आले, ‘मला देवनागरी वाचता येत नाही. कोणते अक्षर, कोणत्या यंत्रावर आणि कसे दिसते, ते कृपया कळवाल का?’ उत्तर सौम्य होते, म्हणूनच आम्ही अधिक खजील झालो.

डिचोलीच्या कुंभाराकडे जाऊन ‘तुमचे मडके टाकाऊ आहे’ असे कोणी म्हटले, तर तो काय उत्तर देणार? परंतु ‘बाबा, तोंड बोटभर रुंद केले तर हात आत घालून घासता येईल,’ असे म्हटले की तो विचार करू लागतो. येथे अडचण सांगितली, उपाय सुचवला आणि निर्णय करणाऱ्याकडे ठेवला. सूचनेची सारी रीत यात आली.

तरीही काही गोष्टी ध्यानी ठेवाव्या. तीच सूचना पूर्वी कोणी केली आहे काय, हे आधी शोधावे. केली असल्यास त्याच ठिकाणी आपली माहिती जोडावी. एका पत्रात एकच सूचना असावी. यंत्र कोणते, ॲपची आवृत्ती कोणती, हे लिहावे व पडद्याचे चित्र जोडावे. आपल्यावाचून आणखी कोणास उपयोग होईल, तेही सांगावे. आणि ‘एवढेसे तर काम आहे’ असे कधी म्हणू नये. एक नवे बटण घातले, तरी ते लहानमोठ्या सर्व पडद्यांवर तपासावे लागते, त्याचे नाव प्रत्येक भाषेत द्यावे लागते आणि पुढे वर्षानुवर्षे ते सांभाळावे लागते.

नकार ऐकण्याचीही तयारी हवी. १९९१ च्या ऑगस्टात लिनस टॉर्व्हाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या नव्या कामाची जाहीर वार्ता दिली. सूचनांचे स्वागत आहे, परंतु त्या अमलात आणीनच असे वचन देत नाही, असे त्याने तेव्हाच स्पष्ट केले. तेच काम पुढे ‘लिनक्स’ म्हणून जगभर पसरले.

धीर धरल्याचे फळ मात्र मिळते. ‘ॲप’ या शब्दाचे पहिले अक्षरच पाहा. जगातील लिप्यांना संगणकावर क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ने मराठीतील ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान दिले ते २००८ साली. अशा प्रत्येक अक्षरासाठी मागणी करणाऱ्यास वापराचे पुरावे सादर करावे लागतात. नुसता आग्रह पुरत नाही.

आम्ही दुसरे पत्र सर्वांनी मिळून एकच लिहिले. ‘वश’ आणि ‘वंश’ यांचे चित्र जोडले, यंत्राचे नाव दिले आणि आरंभी आभार मानले. पुढल्या आवृत्तीत अक्षर मोठे करण्याची सोय आली. त्यानंतर केलेली आमची दुसरी सूचना कर्त्याने कारणे देऊन नाकारली. आभार आम्ही दोन्ही वेळा मानले.

पेडण्यात काय, डिचोलीत काय, गावच्या उत्सवी नाटकात सर्वांनाच तोंडाला रंग लावता येत नाही. पण कोणी पडदा ओढतो, कोणी बाकडी मांडतो. ज्यास आज्ञा लिहिता येत नाहीत, त्याने भाषांतर तपासावे, चुका नीट नोंदवाव्या. त्या बारा पत्रलेखकांपैकी दोघी विद्यार्थिनी सध्या त्याच ॲपमधील शब्दांचे कोकणी भाषांतर करीत आहेत.