नाव उतरेपर्यंत

"बाबा, गाडी घ्यायची म्हणतेय. जुनीच बघतेय. तुम्ही फक्त सोबत या." लेकीचा असा फोन आला तेव्हा त्या वाक्यातल्या 'फक्त' या शब्दाकडे माझे लक्ष गेले नाही. बापमंडळींची ही जुनीच खोड. मी लगेच वही-पेन घेऊन बसलो, चार ओळखीच्यांना फोन केले आणि संध्याकाळपर्यंत तिने कोणती गाडी घ्यावी हे ठरवूनही टाकले. रात्री ती ठाण्याला घरी आली. माझी यादी शांतपणे वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "छान आहे. आता मी काय ठरवलंय ते सांगू?"

तिची गरज साधी होती. ती डोंबिवलीला राहते. तिच्या सासऱ्यांचे, म्हणजे आमच्या व्याह्यांचे, आठवड्यातून तीनदा ठाण्याला डायलिसिस असते. जाताना माणूस लोकलमध्ये कसाबसा तग धरतो. येताना अंगात त्राण उरत नाही. २०२४ मध्ये माणकोलीचा पूल सुरू झाल्यापासून डोंबिवली-ठाणे हे अंतर गाडीने बरेच जवळ आले आहे. पण वेळेवर भाड्याची गाडी मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाली तरी महिन्याचा हिशेब छातीत धडकी भरवतो. हाताशी रक्कम चार लाख. त्यातले दीड लाख साठवलेले, अडीच लाख कर्जाचे. "मी थोडे घालतो," असे मी म्हणून पाहिले. "नको बाबा. मग ती तुमची गाडी होईल," एवढेच ती म्हणाली.

आमच्या तरुणपणी गाडी 'निवडणे' हा प्रकारच नव्हता. अँबेसिडर नाहीतर फियाट. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला मिळाली आणि मध्यमवर्गाला गाडीची स्वप्ने पडू लागली. तरी माझ्या दारात पहिली आली ती कोणीतरी वापरलेली फियाटच. तिच्याबद्दल पुढे सांगतो. तो प्रसंग मी इतकी वर्षे घरातही नीट सांगितलेला नव्हता.

लेकीने मात्र अटी विचारपूर्वक घातल्या होत्या. दरवाजा उंच हवा, म्हणजे सासऱ्यांना वाकावे लागू नये. आणि गाडी २०१९ च्या मध्यानंतरची हवी. का, तर एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकापुढची एअरबॅग. शेजारच्या सीटपुढची एअरबॅग सगळ्यांना सक्तीची झाली ती जानेवारी २०२२ पासून. त्याआधीच्या गाडीत ती आहे की नाही, हे मॉडेलप्रमाणे बघावे लागते. माझ्या यादीतल्या पाचपैकी तीन गाड्या या एका अटीतच बाद झाल्या.

पैशांच्या बाबतीत मात्र माझा अनुभव तिच्या उपयोगी पडला. चार लाख असले तर गाडी साडेतीनपर्यंतच बघायची. उरलेले टायर, बॅटरी, विमा आणि नावबदलीला लागतात. एका दुकानदाराने "फक्त दहा टक्के" व्याजाचे कर्जही देऊ केले. मी विचारले, "दहा टक्के फ्लॅट, की उरलेल्या मुद्दलावर?" तो हसला. अडीच लाखांवर पाच वर्षे फ्लॅट दहा टक्के म्हणजे व्याज सव्वा लाख, हप्ता ६,२५० रुपये. तेच दहा टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता सुमारे ५,३०० आणि व्याज सत्तर हजारांच्या आत. फ्लॅटचे दहा टक्के म्हणजे खऱ्या हिशेबाने सतरा टक्क्यांहून जास्त. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा जुन्या गाडीची घासाघीस करण्याआधी त्याच गाडीची नवी किंमत आज काय आहे, हे विचारून घ्यावे. विकणारा बरेचदा जुन्या किमतीवरून हिशेब सांगत असतो.

पहिली गाडी पाहिली घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात. लालचुटुक आणि चकचकीत. "एकच मालक, डॉक्टरांची गाडी," दुकानदार म्हणाला. सोबत आलेल्या आमच्या मिस्त्रींनी बोनेटही उघडले नाही. ते आत बसले आणि सीटबेल्ट हळूहळू शेवटापर्यंत ओढला. शेवटची वीत-दीडवीत पट्टी मातकट होती. मग पायाखालचा गालिचा उचलला, सीटच्या पट्ट्यांवरचा गंज पाहिला, डिकीत स्टेपनीखाली बोट फिरवून बारीक रेती दाखवली. "पाण्यात बसलेली आहे," ते म्हणाले. आपल्या भागाला पूर नवा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे धुऊनपुसून बाजारात येतात. रंग नवा होतो, पण वायरिंगमध्ये शिरलेला ओलावा वर्ष-दोन वर्षांनी आपला हिशेब मागतो.

दुसरी डोंबिवलीतच, एमआयडीसीजवळ. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर. लेकीने ब्रेकच्या पेडलकडे बोट दाखवले. रबर पार गुळगुळीत. टायरच्या कडेला आकडे असतात, त्यांतले शेवटचे चार टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. गाडी २०२० ची, आणि चारही टायर २०२४ चे. अठ्ठावीस हजारांत कोणी चारही टायर बदलते का? तिने सर्व्हिसिंगची नोंद मागवली. दोन वर्षांपूर्वीच ती गाडी एकसष्ट हजार चाललेली होती. विकणाऱ्याला चांगले सुनवावे म्हणून मी पुढे झालो, तर लेकीने माझा दंड धरला. "चला बाबा. आपल्याला घ्यायची नाही, एवढं कळलं ना?"

तिसरी गाडी कल्याणची. सत्तरी उलटलेले एक गृहस्थ, एकटेच राहणारे. नजर अधू झाली म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. २०१९ च्या अखेरची वॅगनआर, उंच दरवाजांची, बेचाळीस हजार चाललेली. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती एका जुन्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली. मिस्त्रींनी तासभर पाहिली. पुढच्या डाव्या दाराला रंग दिला आहे, क्लच वर्षभरात करावा लागेल, बाकी गाडी निर्मळ आहे, असे सांगितले. दाराचे काय, असे विचारण्याआधीच काका म्हणाले, "रिक्षाने घासली होती. पावती आहे आत."

मग लेकीने मोबाइलवर सरकारी ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला. चलान थकलेले नव्हते, विमा चालू होता. पण गाडी एका बँकेकडे तारण असल्याची नोंद तशीच होती. बँकेच्या भाषेत याला नजरगहाण म्हणतात. गाडी ऋणकोच्या ताब्यात, पण बँकेची नजर तिच्यावर. काकांनी कर्ज केव्हाच फेडले होते. बँकेचे पत्रही फाइलमध्ये होते. पण ते पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओत जायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी मान खाली घातली. माझ्या नोकरीत मी अशी कितीतरी पत्रे ग्राहकांच्या हाती दिली. पुढे काय करायचे, हे किती जणांना सांगितले, ते आठवेना.

"मी फॉर्मवर सह्या करून देतो," काका म्हणाले. "तारखा तुम्ही घाला, सवडीने नाव बदला. मला आता धावपळ होत नाही." मला हायसे वाटले. पण लेक म्हणाली, "नको काका. कोऱ्या फॉर्मवर सही नको."

परत येताना पत्रीपुलाच्या अलीकडे वाहतूक खोळंबली होती. तिथेच मी तिला फियाटची गोष्ट सांगितली. १९९९ मध्ये मी ती गाडी ओळखीतल्या एकाला विकली. एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर, तारीख न घालता, सह्या करून दिल्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, असे ग्राहकांना रोज बजावणारा मी! घेणाऱ्याने नाव बदललेच नाही. चार महिन्यांनी त्या गाडीखाली एका सायकलस्वाराचा पाय मोडला आणि नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक म्हणून माझ्या नावाने समन्स आले. विम्याची मुदत संपायला तीन आठवडे होते, म्हणून भरपाई विमा कंपनीने दिली. नाहीतर ते पैसे कोठून आणले असते, कोण जाणे. दोन वर्षे मी तारखांना जात होतो. बाकावर तो मुलगा कुबडी घेऊन बसलेला असे. मी त्याच्याशी एकदाही बोललो नाही.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही प्रत्येक गाडीत खोट काढत होता?"

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला हवा. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा त्याच्याकडे राहतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले, की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव, भरपाईच्या दाव्यात मालक तोच; मध्ये गाडी कितीही हातांत फिरलेली असो. त्या खटल्यातल्या मोटारीचेही असेच एकामागून एक व्यवहार झाले होते.

लेकीने काकांना विसार म्हणून दहा हजार दिले, पावती घेतली आणि गाडी त्यांच्याच दारात ठेवली. बँकेचे जुने पत्र मुदत उलटून गेलेले होते. नव्या पत्रासाठी मी काकांबरोबर त्यांच्या शाखेत दोनदा गेलो. या सबंध खरेदीत माझे म्हणावे असे काम एवढेच. तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत व्याह्यांच्या नऊ फेऱ्या भाड्याच्या गाडीने झाल्या. जावयाने एकदा "आता गाडी आणायला काय हरकत आहे?" असे विचारलेही. ती बधली नाही. आधी नजरगहाण उतरले, मग तारखांसकट सह्या झाल्या, विमा नावावर झाला, अर्ज दाखल झाला आणि त्याच दिवशी पूर्ण पैसे देऊन तिने किल्ली घेतली.

पहिल्या फेरीला मी मागच्या सीटवर होतो. व्याही न वाकता आत बसले, पट्टा लावला आणि माणकोलीच्या पुलावरून खाडीकडे बघत राहिले. परतताना त्यांना झोप लागली.

पुढे काकांचे मला दोन-तीनदा फोन आले. प्रश्न एकच: "नाव उतरलं का हो माझं?" आरसी हाती आली त्या दिवशी लेकीने स्वतः कल्याणला जाऊन ती त्यांना दाखवली. काकांनी भिंग काढून नाव वाचले, पुन्हा वाचले आणि फाइलमधली शेवटची पावती तिच्या हातात देत म्हणाले, "क्लचचं तेवढं लवकर करून घे हं."