तीन मूर्ती आणि नावांचा प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या वेळी देगलूर निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे घोडदळ जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांसह पॅलेस्टाइनच्या आघाडीवर लढले. दिल्लीतील १९२२ सालच्या स्मारकाच्या तीन मूर्ती याच तीन संस्थानांच्या होत. युद्ध सामायिक असले, तरी स्मरण प्रत्येक राष्ट्र प्रथम आपल्या माणसांचेच करते. इंग्लंडच्या खेड्याखेड्यांतून शिलांवर मृतांची नावे कोरली गेली. बसऱ्याच्या १९२९ सालच्या स्मारकावरही ब्रिटिश शिपायांची नावे आली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या! मूर्तीने संस्थानाचा लौकिक टिकतो, संख्येने पलटणीचा हिशेब. पण गेलेला माणूस नावानेच उरतो. ते नाव परक्याने कोरले नाही, तर स्वकीयांनी तरी जपले पाहिजे.