किरणांचा आघात आणि शेजारच्या पेशी

क्ष-किरण तपासणीपासून कर्करोगावरील उपचारापर्यंत किरणांचा उपयोग आज सर्वपरिचित आहे. किरण ज्या पेशीतून जातात त्याच पेशीला इजा होते आणि शेजारची पेशी अबाधित राहते, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ धारणा होती. पेशीच्या केंद्रकातील डीएनएवर आघात झाला तरच हानी, असे हे साधे गणित होते.

या धारणेस १९९२ साली धक्का बसला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हात्सुमी नागासावा आणि जॉन लिटल यांनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींवर आल्फा कणांचा अत्यंत विरळ मारा केला. एक टक्क्याहूनही कमी पेशींच्या केंद्रकांतून कण गेले होते. गुणसूत्रांतील बदल मात्र सुमारे ३० टक्के पेशींत आढळले.

संदेश पोचतो कसा?

लगतच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गिका असतात. आघात झालेल्या पेशीकडून त्यांतून रासायनिक संदेश पुढे जातात. दुसरा मार्ग पेशींभोवतीच्या द्रवाचा. १९९७ साली कारमेल मदरसिल व कॉलिन सीमोर यांनी किरण दिलेल्या पेशींवरील पोषक द्रव किरण न दिलेल्या पेशींवर घातला, तेव्हा त्यांचीही जगण्याची क्षमता घटली.

भीती नको, दक्षता हवी

येथे शेजार म्हणजे शरीरातील पेशींचा शेजार, माणसांचा नव्हे. क्ष-किरण तपासणी करून आलेल्या व्यक्तीच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. तिच्याजवळ बसण्यात धोका नाही. शिवाय प्रयोगशाळेतील निष्कर्ष जसाच्या तसा मानवी शरीरास लावता येत नाही. केरळमधील करुनागपल्ली भागात मोनाझाइट वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग अधिक आहे. तेथील सुमारे ७० हजार रहिवाशांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

तथापि अल्प मात्राही क्षुल्लक मानू नये, हाच सावधपणाचा मार्ग होय. म्हणूनच अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांशी संबंधित कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि सर्वसामान्य जनतेसाठी १ मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. डॉक्टरांनी आवश्यक ठरविलेली तपासणी टाळू नये. गरज नसता तिचा आग्रहही धरू नये. गर्भवती स्त्रीने तपासणीपूर्वी तसे सांगावे आणि नातेवाइकांनी यंत्राच्या खोलीत विनाकारण थांबू नये. एवढी माहिती गावोगावी पोचली, तरी गैरसमज आणि निष्काळजीपणा या दोहोंना आळा बसेल.