सूर्यास्त रंगवताना

चौथी-पाचवीच्या वर्गात ‘सूर्यास्त’ काढायला सांगितला की सोलापुरातही कागदावर समुद्र, नारळाची झाडे आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी उमटतात. समुद्र तर बहुतेकांनी पाहिलेला नसतो! खरे तर किनाऱ्यासारखे दृश्य जिल्ह्यातच आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी ओसरू लागले की काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि हिवाळ्यात रोहित, शेकाट्या, तुतारी असे पाणपक्षी तेथे चरताना दिसतात. हेच दृश्य रंगवायचे असे आपण ठरवू.

प्रथम सूर्य. मुले तो पेल्याएवढा काढतात. पौर्णिमेचा चंद्र उगवताना हात लांब करून टपोरा ज्वारीचा दाणा त्याच्यासमोर धरायला सांगावे. चंद्र जवळजवळ झाकला जातो. सूर्य आणि चंद्र दोन्ही आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाएवढेच दिसतात. (हा प्रयोग सूर्यावर करू देऊ नये.) चित्रकाराने सूर्य मोठा काढायला हरकत नाही, पण तो मोठा केला आहे हे त्याला ठाऊक असावे.

आता आकाश. मावळतीचे किरण हवेच्या फार जाड थरातून येतात. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात, म्हणून वाटेत निळा गळतो आणि पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. डोक्यावरचे आकाश मात्र निळेच असते. येथे वर्गात हमखास अडचण येते : ओल्या कागदावर खालचा पिवळा वरच्या निळ्यात मिसळतो आणि आकाश हिरवे होते! प्रत्यक्ष आकाशात असा हिरवा पट्टा सहसा दिसत नाही. याचे कारण असे, की आकाशात प्रकाशात प्रकाश मिळतो, त्यामुळे मधला भाग फिकट, पांढुरका दिसतो. रंगद्रव्ये मात्र प्रकाश शोषून घेतात. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो, निळा रंग तांबडा शोषतो, आणि दोघांच्या तडाख्यातून हिरवा तेवढा वाचतो. म्हणून मध्ये फिकट गुलाबीचा हात द्यावा किंवा कागद कोराच सोडावा.

पाण्यावरचा चमकता पट्टा सूर्याच्या बरोबर खाली, उभाच यावा. तिरपा काढला तर चूक. प्रत्येक लहानशी लाट म्हणजे एक कललेला आरसा. ज्या आरशांचा कोन आपल्या डोळ्यांशी जुळतो तेच आपल्याला चमकताना दिसतात. दोन मुलांना काठावर वीस पावलांच्या अंतराने उभे करावे. पट्टा आपल्याकडेच येतो असे दोघेही सांगतील, आणि दोघांचेही बरोबर असेल.

राहिले पक्षी. रोहित गुलाबी असतो, हे पुस्तकात वाचलेले मूल त्याला गुलाबी रंगवते. हा रंग त्याला शेवाळ व बारीक कोळंबीसारख्या जीवांतील द्रव्यांमुळे येतो, हे खरेच. पण सूर्य पक्ष्याच्या मागे असताना आपल्याला दिसते ती त्याची सावलीची बाजू, म्हणून तो काळसरच दिसतो. गुलाबी रोहित हवा असेल तर सूर्याकडे पाठ करून उभे राहावे लागेल. पायाचा मागे वळणारा सांधा काढताना मुले त्याला गुडघा म्हणतात. तो पक्ष्याचा घोटा असतो. गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो.