दुरुस्त एंजिन पुन्हा का बसते?

आलापल्लीहून अहेरीला गेले की प्राणहिता लागते. उन्हाळ्यात पाणी थोडे, वाळू फार. बोटीचा पंखा तळाला लागावयाचा. अशाच उथळ नद्यांसाठी न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० नंतर जेट-बोट सिद्ध केली. १९७७ साली हिलरी तिच्यातून गंगा चढले. ती पाणी ओढून जोराने मागे फेकते. पुष्कळदा त्याच पाण्याने एंजिनही थंड राखतात, आणि वाळू आत जाते!

नुकतेच बांधलेले एंजिन बसले की आपण मिस्त्रीला बोल लावतो. आधी तेलाची कांडी पाहावी. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले. मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. शेजारच्या दोहोंत तो पडला असल्यास बहुधा मधले गॅस्केट जळाले. नवे एंजिन चढविण्यापूर्वी गाळणी आणि पाण्याच्या नळ्या उघडून धुवाव्यात. नाहीतर तेही तापेल, आणि पैसे दुसऱ्यांदा जातील.