मंदी ओसरल्यावरची शहरे

आर्थिक मंदी महापुरासारखी सर्वत्र पसरते. परंतु ओसरते मात्र निरनिराळ्या शहरांतून निरनिराळ्या गतीने. काही शहरे दोन-तीन वर्षांत पुन्हा कामाला लागतात, तर काहींतला गाळ पिढी उलटली तरी उपसून होत नाही. हा केवळ दैवाचा खेळ नव्हे.

अमेरिकेतील पिट्सबर्ग आणि डेट्रॉइट ही शहरे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. पहिले पोलादावर वाढले, दुसरे मोटारींवर. १९८०च्या दशकात पिट्सबर्गच्या नदीकाठचे पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि असंख्य तरुणांनी शहर सोडले. तथापि तेथे विद्यापीठे आणि मोठी रुग्णालये होती. वैद्यक, संशोधन व संगणकशास्त्र यांच्या आधाराने शहराने सावकाश दुसरा व्यवसाय उभा केला. म्हणूनच २००८च्या मंदीचा तडाखा त्याला तुलनेने कमी बसला. डेट्रॉइटचे भवितव्य मात्र मोटारींशीच बांधलेले राहिले. १९५० साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली तेथील लोकसंख्या २०१० साली सव्वासात लाखांच्याही खाली आली, आणि जुलै २०१३ मध्ये त्या शहराच्या कारभाऱ्यांना दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आपल्याकडे पिट्सबर्गचा मार्ग बंगळूरने अधिक सुखाने चोखाळला. तेथे १९०९ पासून विज्ञानसंस्था होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली तेथे विमानांचा कारखाना काढला. पुढे १९४८ ते १९५४ या काळात टेलिफोन, यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे सरकारी कारखाने आले. १९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली तेव्हा यांतील काही उद्योगांना स्पर्धा झेपली नाही. घराघरांत वेळ सांगणाऱ्या एच. एम. टी.च्या घड्याळांचा व्यवसाय तर अखेर गुंडाळावा लागला. पण शहर बुडाले नाही. कारण कारखान्यांबरोबर तंत्रज्ञांची पिढी घडली होती, आणि तिच्या मुलांना शिकविणाऱ्या संस्थाही निघाल्या होत्या. शहराच्या दक्षिणेस, देवीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या बनशंकरी वसाहतीच्या तिसऱ्या टप्प्यातील, आज विद्यापीठ झालेले पी. ई. एस. महाविद्यालय १९८८ साली स्थापन झाले, ते याच मालिकेतील होय. पुण्यात १९८१ साली जन्मलेली इन्फोसिस १९८३ साली बंगळुरास गेली, तीही अशा कुशल मनुष्यबळाच्या शहरात.

मुंबईची कथा याहून करुण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मिटलाच नाही. अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. मुंबई मात्र थांबली नाही. बँका, विमा, चित्रपट, व्यापार यांच्या बळावर ती सावरली, आणि गिरणगावाच्या जमिनीवर मनोरे व बाजारसंकुले उभी राहिली. त्या मनोऱ्यांत काम मिळण्यासाठी जी विद्या लागते ती साचे चालविणाऱ्या हातांना कोणी शिकविली नव्हती. कोकणातून वा घाटावरून आलेला विणकर पन्नाशीत बेकार झाला, त्याला रखवालदारी तरी मिळाली, नाहीतर गावची वाट धरावी लागली.

येथेच या विषयाचे मर्म आहे. शहर सावरणे आणि शहरातील माणूस सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्पन्नाचे एकूण आकडे पहिली गोष्ट सांगतात; दुसरी त्यांत दडून राहते. अनेक व्यवसाय आणि शिक्षणाच्या संस्था ज्या शहरापाशी आहेत ते शहर मंदीतून सहसा तरते. परंतु प्रौढ कामगाराला नवे कौशल्य शिकविण्याची आणि शिकेपर्यंत त्याचे घर चालविण्याची सोय नसेल, तर त्या तरण्याचा लाभ पुढच्या पिढीला, किंवा बाहेरून आलेल्यांनाच होतो. म्हणून मंदीनंतरच्या कोणत्याही शहराची परीक्षा करताना नव्या इमारतींबरोबर जुन्या कामगारांचीही गणना व्हावयास हवी.