सिसिली: थरांवर थर चढलेले बेट

सिसिली हे भूमध्य समुद्रातले सर्वांत मोठे बेट. इटलीची मुख्य भूमी आणि हे बेट यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी सुमारे ३ किलोमीटर भरते. ग्रीक, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश असे अनेक राज्यकर्ते येथे आले. प्रत्येकाने आधीच्याचे बरेच काही मोडले, पण बरेच वापरातही ठेवले, आणि हेच या बेटाचे खरे वैभव आहे.

सिराक्यूजचे कॅथेड्रल पाहिले की हे पटते. इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या अथीनादेवीच्या देवळाचे खांब न पाडता त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा दगडांनी बुजवल्या आणि त्याच चर्चच्या भिंती झाल्या. ते जाडजूड डोरिक खांब आजही भिंतीत स्पष्ट दिसतात. पालेर्मो शहर ८३१ मध्ये अरबांकडे आणि १०७२ मध्ये नॉर्मनांकडे गेले. तेथल्या राजवाड्यातले प्रार्थनागृह नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने बांधवले. त्याचे कोरीव, रंगवलेले लाकडी छत मुस्लिम कारागिरांच्या शैलीतले, तर भिंतींवरचे सोनेरी मोझेक बायझंटाइन परंपरेतले. पालेर्मोत एकच वास्तू पाहण्याइतका वेळ असेल, तर तो येथेच द्यावा.

किनाराही एकसारखा नाही. पूर्वेला एटना ज्वालामुखीच्या लाव्हाचे काळे खडक, दक्षिणेला स्काला देई तुर्की येथे समुद्राकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा पांढराशुभ्र कडा, तर पश्चिमेला त्रापानीची मिठागरे आणि पवनचक्क्या. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही फार; मे, जून किंवा सप्टेंबर बरा.

इतिहासाचे हे थर ताटातही उतरले आहेत. अरबांच्या काळात पाटपाण्याची शेती वाढली, लिंबूवर्गीय फळे आणि ऊस रुजला. उत्तर आफ्रिकेतला कुसकुस त्रापानीत माशांच्या रश्शासोबत खातात. केशरी भाताचे तळलेले गोळे म्हणजे आरंचिनी. पालेर्मोच्या बाजारात मिळणारी ‘पानेल्ले’ मराठी माणसाला ओळखीची वाटावी: हरभऱ्याचे पीठ पाण्यात घट्ट शिजवायचे, पाटवडीसारखे थापायचे, गार झाल्यावर वड्या कापून तळायच्या आणि तीळ लावलेल्या पावात घालून खायच्या. वरून लिंबू पिळले की झाले. उन्हाळ्यात सकाळच्या न्याहारीला मात्र बदामाचे किंवा लिंबाचे बर्फाळ ग्रानिता आणि सोबत मऊ ब्रिओश पाव असतो.